उत्तर : मिळालं

१

चंद्रपूर मागे टाकून एसटी गोंडपिपरीच्या रस्त्याला लागली की बऱ्याच वेळाने डाव्या हाताला बांबूच्या गंज्या दिसायला लागतात. त्यांच्या मागे पत्र्याची लांब शेड आहे. तिथे बांबूचे आणि सुबाभळीचे बोटाएवढे तुकडे करतात आणि ट्रक भरून कागदाच्या कारखान्याला पाठवतात. गेल्या उन्हाळ्यात मी रोज तिथे उतरायची.

मी कहकशाँ. अब्बांचं चंद्रपुरात लेथचं दुकान आहे. ते मशीनचे भाग बनवतात, मी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर लिहिते. शेडमधलं मशीन सोपं होतं. एक पट्टा, त्यावरून बांबू पुढे सरकायचा. पट्ट्याच्या शेवटी उतरतं लोखंडी तोंड, आणि त्या तोंडाच्या आत पात्यांचा ड्रम. ड्रम माणसाच्या उंचीचा. बांबू तोंडात गेला की दुसऱ्या बाजूने तुकडे पडायचे.

हे सगळं वरच्या काचेच्या केबिनमधला एक कॉम्प्युटर चालवायचा. त्यात माझे चार प्रोग्राम होते. एक पट्टा बघायचा, एक ड्रम फिरवायचा, एक सगळं पडद्यावर दाखवायचा आणि चौथा नुसती राखण करायचा. त्याचं नाव मी ‘पहारा’ ठेवलं होतं. हे चौघं एकमेकांच्या पोटात काय चाललंय ते जाणत नाहीत. एकाला दुसऱ्याला काही सांगायचं असेल तर मेसेज पाठवावा लागतो, आणि कुठले मेसेज पाठवता येतील हे मी आधी ठरवून द्यायचं. मेसेजला एक नंबर, एक नाव. आत काय असेल, कोण पाठवेल, समोरच्याने काय उत्तर द्यायचं. ‘थांब.’ ‘अडकलं.’ ‘पट्ट्यावर इतकं वजन आहे.’ मी नावं मराठीत ठेवली होती, कारण पडदा हेमराजभाऊंना वाचायचा होता.

हेमराजभाऊ मशीन चालवायचे. पन्नाशीचे, सडपातळ, कमी बोलणारे, उजव्या हातावर गोंदलेलं. जेवणाच्या सुट्टीत ते मशीनचा मेन स्विच खाली ओढायचे, त्याला कुलूप घालायचे, किल्ली शर्टाच्या खिशात टाकायचे आणि वर केबिनमध्ये यायचे, कारण तिथे एसी होता. रुखमाबाई पट्ट्यावर बांबू लावायच्या. त्याही डबा घेऊन वर यायच्या. माझ्या डब्यात खिमा असला तर हेमराजभाऊ दोन घास मागून घ्यायचे आणि रुखमाबाई त्यांच्याकडे पाठ फिरवून बसायच्या.

“शाकाहारी हाये ते,” हेमराजभाऊ सांगायचे. “पन वास घेते.”

त्या दिवशी अशीच सुट्टी होती. शेडमध्ये कबुतरांच्या पंखांचा आवाज, बाकी काही नाही. पडद्यावर माझे चार प्रोग्राम एकमेकांना ‘आहे का?’ ‘आहे’ म्हणत होते. मशीन बंद असताना ते एवढंच बोलतात. आणि मधेच एक लाल ओळ आली. नंबर सतरा. नाव नाही. पाठवणारा नाही.

मी सोळा मेसेज ठरवले होते. सतरावा ठरवलाच नव्हता.

२

असं होतं. तारेत गडबड असते, मेमरीत जुना कचरा राहतो, प्रोग्राम काहीतरी भलतंच वाचतो. म्हणून मी नियम केला होता की ओळख नसलेला मेसेज आला तर ‘पहारा’ने मशीन थांबवायचं. माणसाच्या उंचीच्या पात्यांपाशी शंकेला जागा ठेवू नये, एवढंच त्यामागे.

पण दुसऱ्या दिवसापासून सतरा नंबर चालू मशीनमध्ये यायला लागला. आला की ड्रम थांबायचा. हेमराजभाऊ परत चालू करायचे. थोड्या वेळाने परत थांबायचा. पट्ट्यावर बांबू अर्धवट पडून राहायचा आणि बाहेर ट्रकवाले हॉर्न वाजवायचे.

मी तारा बदलल्या. मेमरी बदलली. कॉम्प्युटर इंटरनेटपासून तोडला, म्हणजे बाहेरून कोणी खेळ करत असेल तर थांबेल. काही फरक पडला नाही. मग मी एक परीक्षा घेतली. सतरा नंबर मी स्वतःच वापरून टाकला. ‘तेल कमी आहे’ असा एक खरा मेसेज ठरवला आणि त्याला सतरा नंबर दिला. कचरा असेल तर तो सतरा म्हणूनच येत राहील आणि मला कळेल की तो कुठल्या वाटेने येतोय.

प्रोग्राम परत सुरू केले. लाल ओळ लगेच आली. नंबर अठरा.

मी खुर्चीत मागे टेकले. एसीतून पाणी बादलीत थेंब थेंब पडत होतं. कचऱ्याला माझी पुढची रिकामी जागा कुठली हे कळत नाही. मला वाटलं, माझीच काहीतरी चूक आहे, माझ्याच एखाद्या ओळीत नंबर आपोआप वाढतोय. संध्याकाळची एसटी येईपर्यंत मी सगळा कोड वाचला. तशी ओळ नव्हती.

मॅनेजर पवन दार उघडून आत आला. तिशीचा मुलगा होता, मालकाचा भाचा, दिवसभर कानाला फोन.

“मॅडम, हे लाल का येऊन राह्यलं घडीघडी?”

“शोधते आहे.”

“शोधा न. पन मशीन कायले बंद करता? ज्याची ओळख नाई म्हून थांबते, त्याले ओळख देऊन टाका. नाव ठेवा काईतरी.”

सांगणं अगदी चुकीचं नव्हतं. मेसेज ठरवल्याशिवाय तो उघडून आत काय आहे ते बघताच येत नाही. नाव नसलेलं पाकीट प्रोग्राम फेकून देतो. मी अठरा नंबर लिहिला. नाव ‘अनोळखी’. पाठवणारा, रिकामा. उत्तर हवंच असतं, नाहीतर पाठवणारा तेच तेच पाठवत राहतो. उत्तराच्या जागी सगळे जे लिहितात तेच मी लिहिलं. ‘मिळालं.’

सकाळी आल्यावर पाहिलं तर तो एकदाच आला होता. आत फक्त एक आकडा होता, वजनाच्या मेसेजमध्ये असतो तसाच, किलोमध्ये. पंधरा. त्याला उत्तर गेलं होतं. त्यानंतर तो परत आला नाही, मशीन एकदाही थांबलं नाही आणि पवनने सगळ्यांना चहा पाजला.

३

शेडमध्ये एक कुत्रा होता. तांबूस, एका कानाचा. ट्रकवाले त्याला बिस्किटं द्यायचे आणि तो दिवसभर गंजीच्या सावलीत पडून असायचा. मशीनजवळ तो कधी यायचा नाही. ड्रमचा आवाज त्याला सहन व्हायचा नाही.

पवनने चहा पाजला त्याच दुपारी आम्ही वर जेवत होतो. मेन बंद होता, किल्ली हेमराजभाऊंच्या खिशात होती. खालून ठक असा आवाज आला. थोड्या वेळाने परत ठक. लोखंडावर कोणी आतून बोटाचं पेर मारावं तसा.

“गरम झालेलं लोखंड वाजते,” हेमराजभाऊ म्हणाले.

मी काचेतून खाली पाहिलं. कुत्रा पट्ट्यावर उभा होता. पट्टा थांबलेला होता आणि तो त्यावरून एकेक पाऊल टाकत ड्रमच्या तोंडाकडे चालला होता. शेपूट हलत होती. ओळखीचं कोणी समोर असलं की हलते तशी.

“अरे,” रुखमाबाई उठल्या. “हाड. हाड.”

काचेतून त्यांचा आवाज खाली पोचत नव्हता. कुत्र्याने तोंडाच्या कडेवर पुढचे पाय ठेवले आणि मान आत घातली. मग तो गेला. उडी मारली नाही, घसरलाही नाही. मान धरून कोणी आत घ्यावं तसा गेला. ड्रम एकदाच फिरला, पूर्ण एक फेरा, जड आवाज करत. दुसऱ्या बाजूला तुकड्यांच्या ढिगावर जे पडलं त्याकडे रुखमाबाईंनी पाहिलं आणि त्या तिथेच भिंतीला धरून ओकल्या.

हेमराजभाऊ खाली पळाले. कुलूप जागेवर होतं. स्विच खाली होता. त्यांनी ड्रमला हात लावला नाही. बांबूने ढकलून पाहिलं तर तो हलेना.

“भार पडला म्हून फिरला असन,” ते म्हणाले. मला नाही, स्वतःलाच.

मी पडद्याशी गेले. पट्ट्याखाली काटा आहे. पट्ट्यावर जे काही असेल त्याचं वजन तो कॉम्प्युटरला कळवतो आणि त्याला मेन लागत नाही. कुत्रा पट्ट्यावर असताना काट्याने खरा मेसेज पाठवला होता. मीच ठरवलेला, नेहमीचा. पट्ट्यावर वजन, पंधरा किलो.

४

योगायोग असू शकतो. गावठी कुत्रं दहा-वीस किलोच्या मधेच असतं. मी रात्रभर स्वतःला हेच सांगितलं आणि अम्मीने विचारलं तेव्हा डोकं दुखतंय म्हणाले.

पण एक गोष्ट सुटत नव्हती. आधी तोच मेसेज पुन्हा पुन्हा आला आणि काहीच झालं नाही. आमच्याकडून उत्तर जात नव्हतं. मी नाव दिलं, उत्तर दिलं, आणि तो यायचा थांबला. कुठलाही प्रोग्राम असाच वागतो. उत्तर मिळेपर्यंत विचारतो. उत्तर मिळालं की कामाला लागतो.

म्हणजे तो काही कळवत नव्हता. मागत होता. आणि माझ्या प्रोग्रामने न वाचताच हो म्हटलं होतं.

सकाळी मी पवनला म्हटलं की मला अठरा नंबर काढून टाकायचा आहे.

“मंग मशीन परत थांबन?”

“थांबेल.”

“नाई मॅडम. बिलकुल नाई. कुत्रा मेला म्हून कारखाना बंद करू का मी?”

मी मालकाशी बोलायचं म्हटलं, तर मालक परगावी होता. मला तेव्हा निघून जाता आलं असतं. पण मी गेले तर तो ‘मिळालं’ तसाच राहिला असता. मी मधला रस्ता काढला. मेसेज ठेवला, उत्तर बदललं. ‘मिळालं’ खोडून ‘नाही’ लिहिलं.

मशीन चालू झालं आणि थोड्याच वेळात तो आला. आत एकसष्ट. माझं उत्तर गेलं, नाही. परत एकसष्ट. नाही. एकसष्ट. नाही. पडदा भरत गेला. मशीन थांबलं नाही, पण ड्रमचा सूर बदलला. बांबू आत गेल्यावर कडकड व्हायची तिच्यात आता कोणी दात चावतंय असं वाटत होतं. असं वाटणं हे काही निदान नव्हे, हे मला कळत होतं. मी कानात कापूस घातला.

शेडच्या दाराशी पोती तोलायचा काटा होता. मी खाली जाऊन सगळ्यांना त्यावर उभं राहायला सांगितलं. पवन हसला, पण उभा राहिला. त्र्याऐंशी. रुखमाबाई चव्वेचाळीस. मी अठ्ठावन्न. हेमराजभाऊ चप्पल काढून उभे राहिले, देवळात उभं राहावं तसे.

एकसष्ट.

मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही.

“गावात अर्धे लोक साठ-एकसष्टचेच असतीन, बेटा,” ते म्हणाले.

“असतील. पण इथे तुम्हीच आहात.”

त्यांनी ड्रमकडे पाहिलं. “मी कुत्र्याले पाह्यलं न. तो भेला नवता. मले तेच आवडलं नाई.” मग म्हणाले, “आज मी ड्रमपाशी जात नाई. तू मालक आला की बोल. मीबी बोलतो.”

५

सुट्टीत ते माझ्यासोबत वरच होते. मेन बंद, कुलूप लावलेलं. त्यांनी किल्ली खिशातून काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवली. पडद्यावर एकसष्ट, नाही, एकसष्ट, नाही. आम्ही दोघांनी डबा उघडला नव्हता.

रुखमाबाई त्या दिवशी वर आल्या नाहीत. ओकल्यापासून त्यांना केबिनमध्ये बसवत नव्हतं. त्या खाली ड्रमच्या तोंडाशी अडकलेल्या चिपाट्या काढत होत्या. मेन बंद असताना त्या नेहमी काढायच्या. त्यांना मी काही सांगितलं नव्हतं. त्यांचं वजन चव्वेचाळीस होतं, म्हणून मला त्यांची काळजी वाटली नव्हती.

ठक.

रुखमाबाई वाकलेल्या होत्या. त्यांनी मान वळवून आत पाहिलं. ड्रम हळू फिरायला लागला.

हेमराजभाऊ एवढ्या वेगाने जिना उतरले की मी उठेपर्यंत ते खाली होते. त्यांनी रुखमाबाईंना कमरेला धरून मागे फेकलं. त्या बांबूच्या ढिगावर पडल्या. आणि ते वळले तेव्हा त्यांच्या उजव्या हाताची बाही तोंडाच्या आत होती.

बाही पात्यात अडकली नव्हती. मी काचेला नाक लावून पाहत होते. पातं अजून खाली होतं. बाही मधोमध चुरगळलेली होती. चिमटीत धरल्यावर कापड चुरगळतं तसं.

त्यांनी पाय लोखंडाला लावून जोर दिला. बाही फाटेल असं मला वाटलं. फाटली नाही. हात कोपरापर्यंत आत गेला आणि ते ओरडले. तो आवाज काचेतून आला.

मी पडद्याकडे वळले. एकसष्ट. नाही. ड्रम थोडा फिरला. एकसष्ट. नाही. अजून थोडा. माझ्या प्रत्येक ‘नाही’वर तो ओढत होता. अठरा नंबर काढून टाकायचा तर प्रोग्राम बंद करून परत सुरू करावे लागले असते. तेवढा वेळ त्यांच्याकडे नव्हता. कॉम्प्युटरची वायर उपटली तर तो बॅटरीवर चालत राहिला असता. खाली रुखमाबाई त्यांना मिठी मारून मागे ओढत होत्या आणि दोघंही पुढे सरकत होते.

‘मिळालं’ लिहिलं तर ते पूर्ण जातील. ‘नाही’ लिहिलं तरी जाणारच होते.

उत्तर हाताने पाठवायची एक खिडकी असते, चाचणीसाठी. मी ती उघडली. उत्तरात ‘मिळालं’ लिहिलं आणि पुढे एक आकडा टाकला. माणसाचा हात किती वजनाचा असतो हे मला माहीत नव्हतं. मी चार लिहिलं आणि पाठवलं.

ड्रम एकदम फिरला. हाड मोडल्याचा आवाज बांबूच्या आवाजाहून वेगळा नसतो, हे मला तेव्हा कळलं. रुखमाबाई आणि हेमराजभाऊ दोघं मागे उताणे पडले. हेमराजभाऊंच्या उजव्या खांद्याखाली काही नव्हतं, आणि रक्ताची चिळकांडी पट्ट्यावर उडाली.

ड्रम थांबला. अगदी गप्प झाला.

मी खाली धावले. ओढणी काढून, दुमडून खांद्यावर दाबली आणि त्यावर गुडघा टेकवला. पवन धावत आला, पाहिलं, आणि गाडी आणायला धावला. एवढं एक काम त्याने चटकन केलं. रुखमाबाई उठल्या. त्यांचं तोंड, मान, लुगडं सगळं लाल होतं. त्यांनी कोपऱ्यातली जड लोखंडी सब्बल उचलली आणि काही न बोलता जिना चढल्या. मला वरून काच फुटल्याचा आवाज आला, मग पडदा, मग पत्रा. त्या बराच वेळ मारत होत्या.

त्यांनी फोडण्याआधी पडद्यावर शेवटचा मेसेज आला होता. त्यांना वाचता येतं, आणि त्यांनी मला नंतर सांगितला. सत्तावन्न.

६

पोलीस येऊन गेले. मेनला कुलूप नीट लागलं नव्हतं, असं ठरलं. किल्ली टेबलावर होती हे मी सांगितलं, ते कोणी मनावर घेतलं नाही.

हेमराजभाऊ चंद्रपूरच्या दवाखान्यात होते. मी सकाळी जायची, त्यांची बायको आशाबाई औषध आणायला गेल्या की त्यांच्याजवळ बसायची. ते जगतील असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आशाबाईंनी माझे हात धरले आणि मी सोडवून घेतले.

एका सकाळी ते पूर्ण शुद्धीवर होते. खिडकीतून ऊन त्यांच्या पायावर येत होतं.

“ते थांबलं कसं?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. आकड्यासकट सांगितलं.

पंखा कुरकुरत होता.

“तीन लिहिलं असतं तं कोपर राह्यलं असतं का?”

“माहीत नाही, भाऊ.”

“नाई. तुले कसं माहीत असन.” थोड्या वेळाने म्हणाले, “मले राग नाई आला. फक्त इचारलं.”

मी पाणी दिलं. त्यांनी डाव्या हाताने ग्लास धरला. सांडलं नाही.

“तुले एक सांगतो, कोनाले सांगू नको,” ते म्हणाले. “दुखते तो हात. जो नाई तो. डाक्टर म्हनते असंच होते. पन हे दुखणं नाई, बेटा. कोनीतरी धरून ठेवलं आहे त्याले. रातभर बोटं दाबते. एक एक.”

एकसष्टातून चार गेले की सत्तावन्न उरतात आणि तोच आकडा शेवटी आला होता, हे मी त्यांना सांगितलं नाही. कॉम्प्युटर फुटला होता. विचारायला तोंड राहिलं नव्हतं आणि उत्तर द्यायलाही नाही, असं मी धरून चालले होते.

७

मी ते काम सोडलं. पवनला लिहून दिलं की माझा एकही प्रोग्राम वापरू नये, ड्रम भंगारात द्यावा. त्याने मान्य केलं. पावसाळा गेला, भातं पिवळी झाली. मी ऊर्जानगरच्या एका शाळेचं छोटं काम घेतलं होतं, मुलांच्या हजेरीचं. त्या दिवशी दुपारी शाळेच्या ऑफिसात बसले होते आणि पवनचा फोन आला.

“मॅडम, नाराज नका होऊ. मशीन चालू केली आम्ही. नागपूरहून पोरगा बोलावला होता, त्यानं तुमच्या जुन्या कॉपीवरून नवीन कॉम्प्युटरवर सगळं बसवून देलं. मस्त चालून राह्यली.”

मी उठून उभी राहिले.

“फक्त तो एक मेसेज येऊन राह्यला होता. तुमचा अनोळखी. त्याच्यापुढं काईतरी सत्तावन्न सत्तावन्न. तुम्ही उत्तराच्या जागी ‘नाही’ लिहिलं होतं, त्यानं आवाज करे मशीन. मंग त्या पोरानं सकाळी ‘मिळालं’ टाकून देलं. तेव्हापासून शांत. हे बरोबर आहे न, एवढंच इचारासाठी फोन केला.”

“हेमराजभाऊ कुठे आहेत?”

“इथीच आहे न.” तो सहज म्हणाला. “सायकल राह्यली होती त्याइची शेडमधी. ते घ्यायले आले. रुखमाबाईसंग बोलून राह्यले.”

“त्यांना बाहेर काढ. पवन, आत्ता. पळत जा.”

“मॅडम, जेवनाची सुट्टी आहे. मेन बंद आहे, मीच कुलूप लावलं.”

“पवन, जा.”

माझ्या आवाजात काय होतं मला माहीत नाही, पण त्याने फोन टेबलावर ठेवला. मला तो जिना उतरताना ऐकू आला. मग काही नाही. कबुतरं. मग ठक.

मग पवनचा आवाज, लांबून, हेमराजभाऊंना हाक मारणारा. एकदा, दोनदा. त्यांनी ओ दिली नाही. त्यानंतर ड्रम फिरला. तो मी आधी ऐकलेला होता, कुत्र्याच्या वेळी, एक फेरा. या वेळी जास्त वेळ फिरला. कोणी किंचाळलं नाही. म्हणजे रुखमाबाई किंचाळल्या, पवन किंचाळला. हेमराजभाऊंचा आवाज आला नाही.

शाळेची घंटा झाली. मुलं माझ्यासमोरून पळत गेली. मी फोन कानाला लावून उभी होते. बऱ्याच वेळाने तिकडे कोणीतरी तो उचलला. श्वास ऐकू येत होता.

“मॅडम,” रुखमाबाई म्हणाल्या.

“गेले?”

“गेले.”

“तुम्ही धरलं नाही त्यांना?” असं मला विचारायचं नव्हतं, पण मी विचारलं.

“धरलं न. सदरा हातात राह्यला माह्या.” त्यांचा आवाज अगदी सपाट होता. “ओढलं नाई त्याले कोनी. सायकल धरून उभा होता. वाजलं तसं तिकडं पाह्यलं त्यानं, सायकल भिंतीले नीट लावली, अन् चालत गेला. हासून राह्यला होता मॅडम. हरपलेलं सापडलं म्हंजे हासते मानूस तसा.”

“काय पाहिलं त्यांनी?”

फोनमध्ये एसीचं पाणी बादलीत पडताना ऐकू येत होतं.

“मीबी पाह्यलं,” त्या म्हणाल्या. “त्या तोंडातून हात निंगला होता बाहेर. खांद्यापासून. बोलवून राह्यला होता, असा, बोटं हालवून.” त्यांनी श्वास घेतला. “त्याचाच होता, मॅडम. उजवा. गोंदलेला.”

नंतर त्यांनी मला विचारलं, पडद्यावर आता चव्वेचाळीस आलं आहे, त्याचं काय करायचं.

मी त्यांना म्हणाले, फोन तिथेच टाका, आणि पळा.